तीन बोटं कमी

सिग्नल हिरवा झाला आणि गाडी मेली. दोनदा खोकली, एकदा अंग झाडलं आणि गप्प. मागच्याने भोंगा दिला, त्याच्या मागच्याने दिला, मग सगळ्यांनाच कंठ फुटला. अशा वेळी माणूस घाबरतो, चावी पिळत बसतो, निदान खिडकीतून हात काढून लोकांना पुढे जा म्हणतो. मी यातलं काहीच केलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिलो. पोटात गोळा आला होता, पण तो आजचा नव्हता. चाळीस वर्षांपूर्वीचा गोळा, पत्ता विचारत विचारत बरोबर त्याच जागी येऊन बसला. पेट्रोल संपलं. पुन्हा संपलं आणि पुन्हा मीच गाडीत. शेजारची सीट रिकामी आहे ते एक बरं, असं मी चक्क मोठ्याने म्हणालो.

गाडी म्हणजे आमची जुनी पिकअप, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्यातून उभा जन्म लोकांचे संसार एका घरातून दुसऱ्या घरात वाहिले. हल्लीच्या गाड्यांत पेट्रोलची टाकी कुठे असते ते चालवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हिच्यात ती केबिनच्या आतच, सीटच्या मागे उभी. टेकून बसलं की आपल्या पाठीला सीट आणि सीटच्या पाठीला टाकी. साठ लिटर पेट्रोल मानेशी घेऊन आमचं घर हिंडलं. गेला महिनाभर ती टाकी पाझरत होती. माझ्या शर्टाला वास, केसांना वास. बायको म्हणाली, "एक तर ती टाकी बदल, नाहीतर उशी घेऊन गाडीतच झोपायला जा." तरी मी ढिम्म. मग दवाखान्यातून निरोप आला की तुम्ही केलेल्या कवळीला पेट्रोलची चव लागते असं एक बाई म्हणतायत. मी दातांच्या कवळ्या करतो. सव्वीस वर्षांत माझ्या कामाला कुणी नाव ठेवलेलं नाही. हे मात्र नाकाला झोंबलं आणि त्याच दिवशी मी नवी टाकी मागवली. ती येऊन फिटरकडे पडली होती. तोवर जुन्या गळक्या टाकीत नवं पेट्रोल ओतायचं नाही असं मी ठरवलं होतं. माझ्या अंदाजाने दहा-बारा लिटर तरी शिल्लक असायला हवं होतं. माझ्या अंदाजाने! या दोन शब्दांची मला किळस आहे.

फिटरचं वर्कशॉप दोन गल्ल्या सोडून होतं. ट्रॅफिकचा पोलीस आणि ऑफिसला निघालेले दोघे यांनी ढकलत आणून दिली. "या दातवाले," फिटर म्हणाला. तिथे मला याच नावाने ओळखतात. फिटर साठीचा, पोट सुटलेला, पण गाडीखाली शिरताना मांजरासारखा शिरतो. पेट्रोल संपलं म्हटल्यावर तो खूश झाला. "उत्तम. रिकामी टाकी काढायला फुलासारखी." आम्ही दोघांनी सीट काढली. सीटखालून एक कंगवा निघाला, शर्टाची चार बटणं निघाली, आणि तिच्या मागे केबिनच्या भिंतीला टेकून उभी असलेली काळी टाकी दिसली. मी तिला अशी उघडी आयुष्यात दुसऱ्यांदा बघत होतो. फिटर पट्ट्यांचे नट सोडवायला बसला आणि मी तिच्या पत्र्याला कान लावला. का लावला ते सांगता येणार नाही. लहानपणची खोड.

गाडीचा पेट्रोलचा काटा मला कळायला लागल्यापासून मेलेलाच होता. अण्णांना त्याचं काही नव्हतं. "काटा खोटं बोलतो, कान बोलत नाही," असं ते म्हणायचे. गाडी चालता चालता ते तळहात वर करायचे. तळहात वर म्हणजे चूप. आई बोलता बोलता थांबायची, मी श्वास धरायचो. अण्णा ब्रेकला नुसता अंगठा लावायचे, गाडी किंचित अडखळायची आणि मागे टाकीत पेट्रोल पुढच्या पत्र्यावर येऊन आपटायचं. भरलेली असली तर जड, बुजलेला आवाज. निम्मी असली तर डुबुक. खाली गेली की पातळ, लांबट, ताटलीत पाणी हलवावं तसा. अण्णा एक क्षण मान तिरकी करून म्हणायचे, "एकवीस." पंपावर भरताना ताळा व्हायचा आणि तो लिटरभरसुद्धा चुकायचा नाही. मग त्यांनी मला शिकवायला घेतलं. तळहात वर, ब्रेक, डुबुक, आणि "बोल, किती?" सुरुवातीला मी वाटेल ते ठोकून द्यायचो आणि टपली खायचो. दहाव्या वर्षी दोन लिटरच्या आत आलो. अकराव्या वर्षी अण्णा लोकांना सांगायला लागले, आमच्या पोराचा कान माझ्यापेक्षा तिखट. तेव्हा मी जमिनीवर चालत नव्हतो. वर्गात मास्तरांच्या डोक्यावरच्या पाण्याच्या टाकीत किती लिटर आहेत ते मी सांगायचो. ते खरं की खोटं हे तपासायला कोण चढणार?

मी बारा वर्षांचा असताना आई पोटुशी राहिली. माझ्यानंतर इतक्या वर्षांनी. सातवा महिना होता, भर दुपार, आणि ती ओट्याशी उभी असताना खाली बसली. अण्णांनी तिला उचलून गाडीत मधे बसवलं, मी दाराकडे. हॉस्पिटल गावाच्या दुसऱ्या टोकाला. मधे कारखान्याची ती न संपणारी भिंत, एक दुकान नाही, एक झाड नाही. भिंत लागायच्या आधी डाव्या हाताला पंप होता. पंपाच्या जरा अलीकडे अण्णांनी तळहात वर केला. ब्रेकला अंगठा लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बोल, किती?" आणि मी ऐकलंच नव्हतं. आईने माझं मनगट धरलं होतं, तिची नखं माझ्या कातडीत रुतली होती, मी तिच्या ओठांकडे बघत होतो. ते पांढरे झाले होते. पुन्हा ब्रेक लावा, असं म्हणायला काय लागतं? पण कान तिखट ना आमचा! मी म्हणालो, "दहा." दहा पुष्कळ झालं. अण्णांनी मान हलवली आणि पंप मागे गेला. भिंतीच्या बरोबर मध्यावर गाडी दोनदा खोकली, अंग झाडलं आणि गप्प झाली. अण्णा डबा घेऊन पळत पंपाकडे गेले. पाऊण तास मी आणि आई त्या केबिनमध्ये होतो. ती मला काही बोलली नाही. एकदा फक्त "पाणी" म्हणाली आणि पाणी नव्हतं.

बहीण होती. असती. डॉक्टर बाहेर येऊन अण्णांना म्हणाले, "अर्धा तास आधी आणायला हवं होतं हो." मी बाकाच्या टोकाला बसलो होतो, मला कुणी पाहिलंही नसेल. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही, रागावले नाहीत, टपली मारली नाही. मारली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून गाडीत तळहात पुन्हा कधी वर झाला नाही. नवा नियम आला: टाकी निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. दर दोन दिवसांनी पंप. लोक हसायचे, काय अण्णा, पेट्रोल पिता की काय. अण्णांनी कानाला खडा लावला असं सगळे समजले. मला कळलं होतं, त्यांनी माझ्या कानाला लावला होता. मग मीही या गळक्या महिन्यापर्यंत कधी निम्म्याच्या खाली गेलो नाही, कशातच. मला कुणी किती वाजले विचारलं तर मी दोन घड्याळं बघतो. कवळी करताना माप तीनदा घेतो आणि चौथ्यांदा घ्यायचा मोह होतो. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी बायकोने मुलाचा विषय काढला तेव्हा मी नको म्हणालो. का, ते सांगितलं नाही. ती वर्षभर रडली, दुसऱ्या वर्षी रडायची थांबली, आणि मला तेच जास्त लागलं. काय सांगणार होतो? तिला हॉस्पिटलला नेताना मला कुणीतरी किती म्हणून विचारेल, हे?

"दातवाले, रिकामी म्हणालात ना?" फिटरने टाकीखाली हात घातला होता आणि ती जागची हलत नव्हती. "संपलंय," मी म्हणालो. "गाडी बंद पडली म्हणजे संपलंच की." त्याने टाकीला एक धक्का दिला. आत आवाज झाला. पातळ, लांबट. चाळीस वर्षांनी ऐकला, पण मी विचार करायच्या आधी माझ्या तोंडून आलं, "दहा." फिटर हसला. त्याने खालचा बूच काढून पेट्रोल डब्यांत घेतलं. पाच लिटरचे दोन डबे काठोकाठ भरले आणि तळाशी कपभर लालसर गाळ निघाला. "अहो, दहा लिटर पेट्रोल पोटात असताना ही उपाशी मेली!" तो म्हणाला आणि वरचं झाकण उघडून त्याने नळी ओढून काढली. टाकीत वरून तळापर्यंत एक पितळी नळी जाते, इंजिन तिच्यातून पेट्रोल ओढतं. ती तळापासून बोटभर वर संपायला हवी. ही वरच संपत होती. फिटरने नव्या टाकीची नळी शेजारी धरली. "तीन बोटं कमी. कापलीय ही, दातवाले. करवतीने कापून वर कानस मारलीय. तळातला गाळ ओढला जाऊ नये म्हणून करतात कधीकधी. पण करणाऱ्याने लक्षात ठेवायचं असतं, की खालचं दहा लिटर मग आपलं नाही." नळीच्या टोकाशी तांब्याच्या तारेचे तीन वेढे होते आणि चौथा उलटा पिळलेला. आमच्या घरातल्या छत्रीच्या दांड्याला, कढईच्या कानाला, आईच्या चष्म्याच्या काडीला तेच तीन वेढे आणि चौथा उलटा. अण्णांनी दुरुस्त केलं की तिथे ती तार असायचीच.

मी फिटरला विचारलं, ही टाकी याआधी किती वेळा निघाली असेल? त्याने नट उजेडात धरून पाहिले. "एकदा. रंगावर पान्याचा एकच ओरखडा आहे." एकदा. मला ते एकदा माहीत होतं. मी तेव्हा होतो. आईला सातवा लागायच्या आधीचे दिवस, अंगणात टाकी आडवी टाकलेली, आत गंज झाला म्हणून अण्णांनी मूठभर खडे आणि साखळी घातली होती, आणि मी ती टाकी अंगणभर लोळवत होतो. खडखडाट असा की शेजारी दारं लावून घेत होते. मला त्या दिवशी इतकी मजा आली होती की मी दुसरं काही ध्यानात धरलंच नाही: पायरीवर बसलेले अण्णा, मांडीवर फडकं, आणि करवतीचा बारीक किरकिर आवाज. तो आवाज तर माझ्या कानात होता! एवढी वर्षं होता. म्हणजे त्या दुपारी टाकीत दहा लिटर होतं. मी ऐकलं नव्हतं, ठोकून दिलं होतं, आणि ते खरं निघालं होतं. आणि अण्णा? दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, कधीतरी त्यांना कळलं असणारच. काटा खोटं बोलतो म्हणणारा माणूस. म्हणून तर निम्म्याचा नियम. खाई त्याला खवखवे.

फिटर म्हणाला, "नवी बसवताना नळी पूर्ण ठेवू की पहिल्यासारखी कापू?" मी त्याच्यावर असा काही खेकसलो की त्याने हातातला पाना खाली ठेवला. "विचारलं फक्त," तो म्हणाला.

टाकी बसायला तीन दिवस लागले. नवी जुन्यापेक्षा अर्धा इंच रुंद. मला त्याचं नवल वाटलं नाही. नवी कवळीसुद्धा पहिल्यांदा बसत नाही, घासावी लागते. पट्ट्या वाकवल्या, खाली जाड लोकरी नमद्याचे तुकडे दिले, भरायच्या तोंडाचा रबरी पाइप बदलला, जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. काम सुटलं की मी रोज तिथे जायचो आणि फिटरच्या पायात पायात करायचो. नळी माझ्या खिशात होती. कवळ्या करताना ती ॲप्रनच्या खिशात असायची आणि मी मधेच हात घालून तिचं घासलेलं टोक चाचपायचो. रात्री जेवताना अण्णा समोर असायचे. त्र्याऐंशी वर्षांचे, कानाने जवळजवळ गेलेले. मी केलेली कवळी ते घालत नाहीत, टोचते म्हणतात, पेल्यात ठेवतात. गावाला दात देतो आणि बाप हिरड्यांनी जेवतो. मी मनात वाक्यं जुळवायचो. अण्णा, ही नळी ओळखता? अण्णा, तुम्ही मला मारलं का नाहीत? अण्णा, माझ्या बायकोची वर्षं कोण भरून देणार? आणि तोंड उघडलं की म्हणायचो, "भाजी घ्या." ते म्हणायचे, "काय?" मी ओरडायचो, "भाजी!" बायको माझ्याकडे बघायची. "तुला झालंय काय? दोन दिवस पिंजऱ्यातल्या वाघासारखा फिरतोयस." काही नाही, मी म्हणायचो. तोंडात मूग धरायची आमच्या घराची रीतच. आणि एक आठवण पायात काट्यासारखी सलायची. आई सहा वर्षांपूर्वी गेली. ती असेपर्यंत, मी अण्णांबरोबर कुठेही बाहेर जाऊन आलो की दारातच ती त्यांना विचारायची, "सांगितलंत का त्याला?" आणि अण्णा चप्पल काढत म्हणायचे, "बघू." मला वाटायचं घराच्या वाटणीचं असेल, किंवा त्यांच्या पोटाच्या दुखण्याचं. मी कधी विचारलं नाही. मला स्वतःलाच काही विचारलं जाईल म्हणून मी त्या दारातून भराभर आत जायचो.

चौथ्या दिवशी गाडी तयार झाली. फिटरने जुनं पेट्रोल फडक्यातून गाळून ठेवलं होतं. मी म्हणालो, तेवढंच घाला, आणखी नको. तो म्हणाला, "पहिल्या दिवशी टाकी भरून न्यावी, दातवाले." मी म्हणालो, दहाच. तो बिचारा आता माझ्याशी वाद घालत नव्हता. नव्या टाकीबरोबर काटाही जोडला होता. चावी फिरवली आणि जन्मात पहिल्यांदा तो काटा हलला, थरथरत वर आला आणि पाव टाकीच्या खुणेखाली थांबला. "आणि आत आडव्या भिंती आहेत," फिटर अभिमानाने म्हणाला, "कितीही ब्रेक मारा, आवाज नाही."

घरी येऊन मी अण्णांना म्हणालो, चला, टाकी बघायला. काय? टाकी! ते लगेच उठले, शर्ट बदलला, आणि काय मनात आलं देव जाणे, पेल्यातली कवळी काढून तोंडात घातली. चढताना मी त्यांच्या कमरेला हात दिला. बसल्या बसल्या त्यांनी नेहमीप्रमाणे पाठ टेकून मान मागे केली. "वास नाही," ते म्हणाले. जरा हिरमुसले. मी गाडी काढली. पहिल्या वळणावर मी खिशातून नळी काढली आणि काचेखाली त्यांच्यासमोर ठेवली. तीन दिवस जुळवलेलं एकही वाक्य जागेवर नव्हतं. नळी इकडून तिकडे घरंगळली आणि अण्णांनी ती तळहाताने थांबवली. उचलली. अंगठ्याने तारेचे वेढे मोजले. मी रस्त्याकडे बघत होतो, पण मला त्यांचा अंगठा दिसत होता. त्याचं नख हातोडी बसून काळं झालं होतं ते कधी पांढरं झालंच नाही. दोन रस्ते गेले. समोर लांबवर सिग्नल लाल झाला.

तेव्हा त्यांनी तळहात वर केला.

माझा श्वास आपोआप थांबला. बावन्न वर्षांचा माणूस मी, पण पाय बारा वर्षांच्या पोराच्या बापाचा झाला आणि ब्रेकला नुसता टेकला. गाडी किंचित अडखळली. मागून काही आलं नाही. भिंतींनी सगळं जागच्या जागी धरलं होतं. अण्णांची मान तिरकी झाली होती, डोळे मिटले होते.

"दहा," ते म्हणाले.

"ऐकू आलं?" मी ओरडलो. गाडी सिग्नलला थांबली होती.

"नाही रे. आता कुठलं ऐकू येतंय." त्यांनी डोळे उघडले नाहीत. कवळी टोचत असावी, शब्द अडखळत येत होते. "तेव्हा आलं होतं. दहाच होतं. मी ऐकलं होतं, तुला उगाच विचारलं, सवयीने. तू बरोबर सांगितलंस. नळी मी कापली होती. कापली आणि विसरलो." त्यांनी नळी दुसऱ्या हातात घेतली. "दुसऱ्या दिवशी कळलं. तुझी आई रोज म्हणायची सांगा, सांगा. तुझ्या तोंडाकडे बघून धीर होईना. मग तू मोठाच झालास."

काटा पावाच्या खाली उभा होता. बाजूच्या गाडीतली बाई फोनवर हसत होती. मला वाटलं होतं, हे कुणी म्हटलं की माझ्या छातीवरून काहीतरी उतरेल. उतरलं नाही. राग आला, भयंकर, आणि त्या रागाच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, ते मला ओढून वर आणता येईना. माफ करणं वगैरे मला सुचलं नाही. मला फक्त ते आणखी एकदा ऐकायचं होतं. आमच्या घरात गेली आठ वर्षं प्रत्येक जण प्रत्येक गोष्ट त्यांना दोनदा सांगतोय.

"काय?" मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ऐकू गेलं नसेल, पण माझे ओठ त्यांनी वाचले. नळी मुठीत आवळून ते मोठ्याने म्हणाले, "तू बरोबर सांगितलंस. दहाच होतं. नळी मी कापली होती."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने भोंगा दिला, त्याच्या मागच्याने दिला. अण्णांना ते ऐकू येत नव्हतं आणि मी गिअर टाकला नाही.

"काय?" मी पुन्हा विचारलं.